शिंक, आणि मग शेवटचा सूर

नगरपालिकेच्या बँडमधलं सगळ्यात मोठं वाद्य सगळ्यात बुटक्या बाईकडे होतं. ट्यूबा म्हणजे पितळेचा एवढा थोरला भोंगा, की तो मांडीवर घेऊन माणूस बसला की समोरच्याला फक्त भोंगा दिसतो आणि त्याखाली दोन बूट. त्यामुळे तिचं नाव काय, हे विचारायची वेळच कधी कुणावर आली नव्हती. सगळं शहर तिला भोंगाबाई म्हणायचं. तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून त्याला लिफ्टवाले म्हणतात, तर भोंगा वाजवणारीला वेगळा न्याय कशाला?

बँडच्या प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट सलामीने व्हायचा. सलामीची गंमत अशी की शेवटी शेवटी बाकीची वाद्यं एकेक करून गप्प होतात आणि उरतो एकटा भोंगा. वाजवणाऱ्याने उभं राहायचं, मावेल तेवढी हवा भरून घ्यायची आणि खर्जातला एकच सूर धरून ठेवायचा, इतका वेळ की बागेतली पाखरं झाडं बदलतात. तो सूर संपला की लोक टाळ्या वाजवून घरी जातात. भोंगाबाईने वर्षानुवर्षं तो सूर असा धरला होता की पुढच्या रांगेतली पोरं कानात बोटं घालायची आणि म्हातारे कानातली यंत्रं काढून खिशात ठेवायचे.

गेल्या दोनेक वर्षांत मात्र सूर आखडत चालला होता. आधी तो थोडा लवकर संपायला लागला. मग ती तो बसून वाजवायला लागली. मास्तरांनी, म्हणजे बँडमास्तरांनी, वयाचा हिशेब केला आणि ठरवलं की बाईंचा दम संपला.

दम कुठेही संपला नव्हता. दम भरपूर होता. तो वरून जितक्या जोरात भोंग्यात जाई, तितक्याच इमानदारीने खालून लघवी सुटे, एवढीच अडचण होती.

सुरुवात शिंकेपासून झाली होती. मग खोकला आला, मग हसणं आलं, मग जिना उतरणं. पाळी बंद झाल्यावर तर शरीराने ताळतंत्रच सोडलं. घराबाहेर पडायच्या आधी एकदा, पोचल्यावर एकदा आणि वाटेत दिसेल तिथे उगाच एकदा, असं जाऊन यायचं. पाणी प्यायचं नाही. पर्समध्ये पॅड, कपाटात पॅड, भोंग्याच्या पेटीत तर पॅडचं दुकानच. बँडची पँट काळी होती, हा तिला देवाचा उपकार वाटायचा.

तो उपकार देवाने परत घ्यायचं ठरवलं. बागेतल्या बँडच्या मंडपाचं छप्पर गळत होतं, ते नवीन घालायचं ठरलं, आणि नव्या छपराखाली जुना गणवेश शोभणार नाही म्हणून नगरपालिकेने बँडला नवा गणवेश मंजूर केला. पांढरा. नखशिखान्त पांढरा.

तालमीच्या खोलीत मास्तरांनी ही बातमी सांगितली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भोंगाबाईनेही वाजवल्या. तिचे हात आपोआप वाजले, मन काळ्या पँटीपाशीच राहिलं होतं.

"आणि बाई," मास्तर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. चांगला माणूस, पण वाईट बातमी देताना मिशा कुरवाळायची खोड होती. आत्ता ते मिशा कुरवाळत होते. "उद्घाटनाला सलामी उभ्याने झाली पाहिजे. पूर्ण. जमेल?"

"नाही जमलं तर?"

"झांज आहे ना. झांजवाला गेल्यापासून जागा रिकामीच आहे. हलकी असते. अधूनमधून वाजवायची. बसून."

पंचवीस वर्षं भोंगा वाजवलेल्या माणसाला झांज देणं म्हणजे ट्रक चालवणाऱ्याला ट्रकची किल्ली सांभाळायला देण्यासारखं. भोंगाबाई म्हणाली, "छप्पर कधी व्हायचंय?"

"कंत्राटदार म्हणतो तीन महिने."

"म्हणजे सहा," ती म्हणाली. नगरपालिकेतच नोकरी होती, तिला माहीत होतं.

नोकरी म्हणजे पाणीखात्याच्या तक्रारीच्या खिडकीत बसायची. खिडकीवर पाटी होती: 'गळतीच्या तक्रारी येथे स्वीकारल्या जातील.' या पाटीखाली ती रोज सकाळी दहापासून बसत होती आणि पाटीकडे बघणं टाळत होती.

घरी तीन माणसं. ती, नवरा आणि सासूबाई. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. सासूबाई स्वभावाने कडक आणि बसायलाही कडकच लागायचं. कुणाच्या घरी गेल्या की मऊ कोच सोडून लाकडी स्टुलावर जाऊन बसायच्या. "मला बाई मऊ सोसत नाही," म्हणायच्या. लग्नाकार्याला जेवण होताच उठायच्या. "मला गर्दी सोसत नाही." नाटक-सिनेमा तर बंदच. त्याला काय सोसत नाही ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.

घरात दोघी बायका आणि दोघींनाही कपडे धुण्याचा जबरदस्त नाद. सून सकाळी मशीन लावायची, सासू दुपारी. कधी सून संध्याकाळी परत. लिफ्टवाल्यांना आपल्या घरातल्या स्वच्छतेचा फार अभिमान होता. "आमच्याकडे मशीनला उसंत नसते," असं ते मित्रांना सांगायचे. ते असं का, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नाही. नवऱ्याचा हा गुण संसाराला फार उपयोगी असतो.

एका सकाळी खिडकीसमोर एक गृहस्थ आले. त्यांच्या स्वयंपाकघराचं छत कोसळून ओट्यावर पडलं होतं. कधीपासून गळत होतं, तर चार वर्षं.

"चार वर्षं?" भोंगाबाई उखडली. "चार वर्षं काय करत होतात?"

"खाली बादली ठेवत होतो."

"बादली! अहो, थेंब पडायला लागला तेव्हाच यायचं नाही का? इतकं साधं काम असतं. लाज वाटली होय तक्रार करायला?"

"लाज नाही, पण... चालत होतं की, बाई. बादली होती ना."

भोंगाबाई पुढे आणखी दोन शब्द सुनावणार होती, पण तिचं तोंड उघडंच राहिलं. तिने हळूच पायाशी ठेवलेल्या पर्सकडे पाहिलं. पर्समध्ये तिची बादली होती, पाकिटात, पंखांसह.

दुपारी तिने अर्धी रजा टाकली आणि दवाखाना गाठला.

दवाखाना मोठा, सरकारी, तीन मजली. बायकांच्या या दुखण्याची डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर बसायची. चष्मा कपाळावर ढकललेली, पन्नाशीची, घाई नसलेली बाई. भोंगाबाईने येताना चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही लागलं नाही. डॉक्टरबाईंनीच विचारलं, "शिंकल्यावर की घाईने?"

"शिंकल्यावर. खोकल्यावर. आणि भोंग्यावर."

डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग भोंगा काय, हे सांगण्यात थोडा वेळ गेला. लघवी तपासायला दिली, आत जंतू वगैरे नाहीत ना म्हणून. तपासणी झाली. मग त्यांनी तिला उभं केलं आणि म्हणाल्या, "आता खोका. जोरात."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला मुद्दाम खोकायला लावत होतं. ती खोकली. जे व्हायचं ते झालं. डॉक्टरबाई "छान" म्हणाल्या. भोंगाबाईला वाटलं, या बाईचं डोकं फिरलंय, पण माणूस चांगला आहे.

"याला ना, गोळ्या नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ज्यांना एकदम घाई होते आणि बाथरूमपर्यंत धीर निघत नाही, त्यांना गोळ्या असतात. तुमचं तसं नाही. तुमचा खालचा आधार सैल पडलाय. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात, मूत्राशय, गर्भाशय, सगळं त्या झोळीत. बाळंतपणं, वय, वर्षानुवर्षांचा जोर. झोळी लोंबते."

"ऑपरेशन?"

"आहे. लघवीच्या वाटेखाली पट्टीचा आधार देतात, आणखीही प्रकार आहेत. ज्यांना गरज असते त्यांच्यासाठी चांगलं आहे, पण त्याला त्याचे धोके असतात आणि ते मी आधी बसवून सांगते. शिवाय नंतर काही आठवडे जड उचलायचं नाही. भोंगा केवढा?"

"आमच्या नातवाएवढा."

"मग आधी व्यायाम. तिसऱ्या मजल्यावर फिजिओथेरपीची मुलगी आहे, तिच्याकडून नीट शिकून किमान तीन महिने करायचा. बऱ्याच जणींचं तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर पुढचं आहेच, मी काही पळून जात नाही. आणि पाणी प्या. आणि उगाचच्या उगाच जाऊन यायचं बंद."

"व्यायाम कसला?"

"लघवी अडवताना आवळतो ना, तसं आवळायचं, धरायचं, सोडायचं. पण शिकून करा हं."

भोंगाबाई जिन्यापाशी आली. एक जिना वर जात होता, एक खाली. आवळायचंच ना, त्यात शिकायचं काय, ती म्हणाली, आणि खाली गेली.

इथे बँडवाल्यांची एक खोड सांगायला हवी. मास्तरांनी प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून एकच धडा दिला होता: "पोट भरा, कंबर भरा आणि खाली रेटा!" त्यामुळे त्या बँडमधल्या कुणालाही जोर लावायला सांगा, तो आधी पोट फुगवायचा आणि खाली रेटायचा. बरणीचं झाकण निघत नसलं तरी खाली रेटायचे. बंद पडलेली गाडी ढकलायची तरी खाली रेटायचे. ढोलवाला तर बँकेत सहीसुद्धा तशीच करायचा, आणि दर वेळी कारकून विचारायचा, बरं नाही का वाटत.

भोंगाबाईने महिनाभर मन लावून व्यायाम केला. खिडकीत बसून केला, भाजी चिरताना केला, अंथरुणात केला. पोट भरून, कंबर भरून, तोंड लालबुंद होईपर्यंत केला. नवरा एकदा म्हणाला, "अगं, कुणावर रागावलीस का?"

महिन्याअखेर परिस्थिती अशी झाली की पूर्वी शिंकेवर सुटत होतं ते आता नुसतं शिंक येईल या विचाराने सुटायला लागलं. तालमीत ती सलामीला उभी राहिली, सूर धरला आणि मध्येच खुर्चीत बसली, ती तालीम संपेपर्यंत उठली नाही. सगळे गेल्यावर उठली. भोंगा पेटीत ठेवायला गेली तर पेटीवर कुणीतरी झांजा ठेवल्या होत्या. चांगल्या पुसून, फडक्यात गुंडाळून. मास्तरांचं मन मोठं, हे तिला त्या क्षणी फार झोंबलं.

झांजा तिने घरी नेल्या. सासूबाईंनी विचारलं, "हे काय?"

"बढती."

सासूबाईंनी झांजांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि झांजा उचलून कपाटावर ठेवल्या. त्यांना पुष्कळ कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी भोंगाबाई तिसऱ्या मजल्यावर गेली. फिजिओथेरपीची मुलगी तिच्या मुलीपेक्षाही लहान, केस वर बांधलेली, आणि कुठल्याही गोष्टीचा संकोच नसलेली. तिने भोंगाबाईला आडवं केलं, ओटीपोटावर गार जेली लावली, त्यावर एक यंत्र टेकवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर करड्या ढगांची गर्दी.

"ही तुमची झोळी, काकू. आता आवळा बघू."

काकूंनी महिन्याभराची सगळी तपश्चर्या पणाला लावली. करडा ढग दणकन खाली गेला.

"हे काय केलंत?"

"आवळलं."

"हे ढकललंत. झोळी वर उचलायची असते, तुम्ही खाली रेटताय. रोज असंच करत होता?"

"रोज. दिवसातून पुष्कळदा."

मुलीने यंत्र बाजूला ठेवलं. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मास्तरांनी."

"ते फिजिओ आहेत?"

"बँडमास्तर."

मुलगी हसली नाही. ओठ घट्ट मिटून म्हणाली, "पुढच्या वेळी येताना तो भोंगा घेऊन या. तुम्ही फुंकताना खाली काय करता ते मला बघायचंय."

पुढच्या आठवड्यात भोंगाबाई भोंगा घेऊन निघाली, तर सासूबाई दारात चपला घालून उभ्या.

"तुम्ही कुठे?"

"तू दवाखान्यात भोंगा नेतेयस. एवढं वय झालं माझं, असली गोष्ट चुकवू होय?"

दवाखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने पेटी अडवली. "यात काय आहे?"

"हवा," भोंगाबाई म्हणाली. त्याने उघडून पाहिलं आणि त्याचं समाधान झालं.

सासूबाई दुसऱ्या मजल्यावर बाकड्यावर टेकल्या, लाकडी होतं म्हणून. भोंगाबाई वर गेली. ओटीपोटावर यंत्र, मांडीवर भोंगा, समोर पडदा, अशा थाटात तिने एक सूर लावला. दवाखान्याच्या काचा थरथरल्या. हाडांच्या विभागात एका पेशंटला महिनाभर उभं करायचा प्रयत्न चालला होता, तो आपण होऊन उभा राहिला. पडद्यावरचा ढग सुराबरोबर खाली गेला तो खालीच.

"बघा," मुलगी म्हणाली. "पंचवीस वर्षं प्रत्येक सुराला तुम्ही याच्यावर वरून दाब देताय. आता उलटं करू. आधी उचला. आत आणि वर. श्वास कोंडू नका. हं. आता फुंका, आणि पोट बाहेर न रेटता हळूहळू आत येऊ दे."

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा भोंग्यातून म्हशीने सुस्कारा टाकावा तसा आवाज आला. बऱ्याच वेळाने, कपाळावर घाम आल्यावर, पडद्यावरचा ढग कणभर, अगदी कणभर, वर सरकला.

"गेला!" भोंगाबाई ओरडली.

"गेला!" मुलगीही ओरडली. खरं म्हणजे तिने ओरडायला नको होतं, सरकारी नोकरी होती.

मुलीने समजावलं की ही एक लिफ्ट आहे असं समजा. दार बंद, मग वर, वरच्या मजल्यावर थांबा, मग हळू खाली, दाणकन नाही. आणि शिंक येतेय, खोकला येतोय असं वाटलं, की शिंकायच्या आधी लिफ्ट वर.

भोंगाबाई खाली आली तर बाकडं रिकामं. सासूबाई कुठे म्हणून बघते तर डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. चालताना एका हाताने भिंत धरायची त्यांची सवय होती. आत्ता हात भिंतीवर नव्हता.

टॅक्सीत दोघींच्या मध्ये भोंगा. 

"माझं अंग बाहेर येतं," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "धाकट्याच्या वेळेपासून. बसलं की टोचतं, उभं राहिलं की ओढतं, आणि लघवीचं तर विचारू नकोस. म्हटलं, बाईच्या जातीला असायचंच."

"आई! आणि मला बोलला नाहीत?"

"तू बोललीस?"

भोंगाबाईने भोंग्याची पेटी जरा आपल्याकडे ओढली.

"त्या डॉक्टरणीने कडं बसवलं. सिलिकॉनचं. एवढंसं." सासूबाईंनी अंगठा आणि बोट जोडून दाखवलं. "माप घेतलं, बसवलं, चालून बघा म्हणाली. अधूनमधून दाखवायला यायचं, ती काढून धुऊन परत बसवणार. टोचत नाही, ओढत नाही. अगं, एवढ्याशा कड्यापायी मी जन्मभर लोकांच्या कोचावर बसले नाही!"

"म्हणजे तुम्हाला मऊ सोसतं?"

"न सोसायला काय झालं? मला वाटायचं, डाग पडला तर काय तोंड दाखवू. आणि तू दुपारी मशीन रिकामं सोडायचीस, तेव्हा मी लावायची."

"आणि मी म्हणायची, आईंना स्वच्छतेचं काय वेड!"

"मी तुझ्याबद्दल हेच सगळ्या नातेवाईकांना सांगितलंय."

भोंगाबाईला हसू फुटलं. सासूबाईंना फुटलं. टॅक्सीवाला आरशातून बघायला लागला तसं आणखी फुटलं.

"अगं हसवू नकोस, सांडेल!"

"आधी उचला, आई! मग हसा!"

"काय उचलू? तुझा भोंगा?"

टॅक्सीच्या सीटला काही झालं नाही, एवढं नमूद केलं पाहिजे. एकीने उचललं होतं, दुसरीला कडं होतं.

त्या संध्याकाळी भोंगाबाईने नवऱ्याला विचारलं, "अहो, लिफ्ट वर नेताना नि खाली आणताना काय काय बघावं लागतं?"

लिफ्टवाल्यांनी घास ताटात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हा प्रश्न त्यांना घरात कुणीही विचारला नव्हता. "वर नेणं कुणालाही जमतं," ते गहिवरून म्हणाले. "खाली आणताना कळतं. सोडून द्यायची नाही. धरत धरत आणायची. माणसाला कळता कामा नये की आपण उतरतोय." पुढे ते दोऱ्या, ब्रेक आणि वजनाच्या तोलावर बोलत राहिले. बायको प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती आणि मनातल्या मनात खालीवर करत होती. त्यांना वाटलं, संसार सुफळ झाला.

मग ती चिकाटीने लागली. खिडकीत तक्रारदार छताबद्दल सांगत असायचा, ती लिफ्ट वर. तो सही करायचा, ती हळूहळू खाली. शिंक आली की आधी उचलायचं. पहिले काही आठवडे शिंक आधी पोचायची, मग बरोबरीला आली, मग एक दिवस शिंक आली आणि गेली आणि काहीच झालं नाही. भोंगाबाई खुर्चीत थक्क होऊन बसली. समोरचा तक्रारदार म्हणाला, "देव भलं करो." ती म्हणाली, "केलं."

वाटेत दिसेल तिथे जाणं सुटलं. पाणी प्यायला लागली. तालमीत भोंगा नव्याने शिकल्यासारखा शिकली. आधी सूर पातळ यायचा, मास्तर मिशांकडे हात नेत. मग हळूहळू तो भरला. घरात मशीन दिवसचे दिवस गप्प राहायला लागलं, तसं लिफ्टवाल्यांनी काळजीने त्याचं मागचं झाकण उघडून पाहिलं. बिघाड सापडला नाही.

कंत्राटदाराने आपला शब्द पाळला. तीन महिने म्हणाला होता, सहा लावले.

उद्घाटनाच्या दिवशी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या छपराला रंगाचा वास. बँड पांढराशुभ्र, दुधाच्या बाटल्या ओळीत मांडल्यासारखा. भोंगाबाईने पॅड सोबत आणला होता. पण तो पेटीत राहिला. ती पांढऱ्या पँटीत मंडपात चढली आणि मास्तरांच्या हातात फडक्यात गुंडाळलेल्या झांजा दिल्या.

"हे परत?"

"हलक्या आहेत," ती म्हणाली. "मला पेलत नाहीत."

भाषणं झाली. नगराध्यक्षांनी दोरी ओढली आणि छपरातून रंगीत कागदाचे तुकडे खाली आले, हजारो, सगळीकडे. मास्तरांनी छडी उचलली. सलामी सुरू झाली. क्लॅरिनेट गप्प झालं. ट्रॉम्बोन गप्प झाला. ढोलाने शेवटचा ठोका देऊन हात खाली घेतले. भोंगाबाई उभी राहिली, आणि त्याच वेळी एक निळा कागदाचा तुकडा तरंगत आला आणि बरोबर तिच्या नाकावर बसला.

शिंक लहान नव्हती. ती पायापासून निघाली होती. छडी हवेत थांबलेली, सगळी बाग गप्प, आणि भोंगाबाईच्या चेहऱ्याचा आकार बदलायला लागला. पुढच्या रांगेत सासूबाईंना ते दिसलं. त्यांचे ओठ हलले: उचल.

दार बंद. वर. आणखी वर. थांब.

मग ती शिंकली. ती शिंक मंडपाच्या नव्या पत्र्याला लागून परत आली. ढोलवाल्याने दचकून, सवयीने, एक ठोका हाणला. लोकांना वाटलं, हे सलामीतच आहे, नवीन बसवलंय, आणि टाळ्या पडल्या.

खाली पांढरं ते पांढरंच होतं. अगदी कोरडं.

भोंगाबाईने हवा घेतली. लिफ्ट वरच होती. तिने सूर लावला, खोल, रुंद, काठोकाठ, आणि धरला. पोरांनी कानात बोटं घातली. म्हाताऱ्यांनी यंत्रं काढली. पाखरं उठली, दुसऱ्या झाडावर गेली, तिथून तिसऱ्या. मास्तरांची छडी हळूहळू खाली आली, कारण त्यांचा हात दुखायला लागला. सूर चालूच. आणि जेव्हा तिला वाटलं की आता पुरे, तेव्हा तिने तो सोडून दिला नाही. धरत धरत, मजल्यामजल्याने, खाली आणला. कुणाला कळलंसुद्धा नाही तो कुठे संपला.

टाळ्या थांबेपर्यंत मास्तरांनी दोन वेळा डोळे पुसले. मग सगळा बँड तिच्याभोवती जमला. "बाई, हा दम आणलात कुठून?"

भोंगाबाईने भोंगा खाली ठेवला. "दम होताच, मास्तर. माझी लघवी सुटायची. उभं राहून फुंकलं की सुटायची. म्हणून बसत होते. डॉक्टरला दाखवलं, व्यायाम शिकले, थांबली."

पांढऱ्या गणवेशातली सगळी माणसं एकाच वेळी आपापल्या वाद्यांकडे बघायला लागली. क्लॅरिनेटवाली पहिली हलली. "वार कोणता असतो गं तिचा?"

"मंगळवार. दुसरा मजला. आणि तिसरा चुकवू नकोस, मी चुकवला होता."

ट्रॉम्बोनवाले काका खाकरले. "पुरुषांसाठी काही..."

"पुरुषांचा डॉक्टर पहिल्या मजल्यावर."

"मला आपलं सहज विचारायचं होतं."

"मलाही," मास्तर म्हणाले. मग मिशा कुरवाळत त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, ते 'खाली रेटा'... म्हणजे मी सगळ्यांना..."

"हो, मास्तर."

"ढोलवाल्यालाही?"

"त्याला आधी थांबवा."

गर्दी पांगली. लिफ्टवाले भोंग्याची पेटी उचलून आले, पण आईचा पत्ता नव्हता. भोंगाबाईने पाहिलं. पाहुण्यांसाठी मांडलेला मखमलीचा मोठा कोच, लाल, गुबगुबीत, बसलं की माणूस अर्धा आत जाईल असा. नगराध्यक्ष भाषण देऊन गेल्यावर तो रिकामा झाला होता. त्याच्या बरोबर मधोमध, दोन्ही हात पसरून, सासूबाई बसल्या होत्या. मांडववाले दोघे समोर ताटकळत उभे होते.

"आजी, कोच न्यायचाय."

"न्या की," सासूबाई म्हणाल्या आणि आणखी मागे रेलल्या. "मी उठले की."